देवळाशेजारची शाळा

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाच्या दर्शनी भिंतीचें, वेदीचें आणि घंटेचें वर्णन येतें. आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंची नामावळी येते. आणि तें सर्व योग्यच आहे. परंतु वसईच्या पट्टींत जेथें जुनें देऊळ आहे, तेथें त्याच्या अंगणांत दुसरीहि एक लहानशी इमारत बहुधा दिसते. तिला मनोरा नसतो, तिच्या भिंतींत संतांच्या मूर्ति नसतात, आणि परगांवचा पाहुणा देऊळ पाहून परत जातांना तिच्याकडे वळूनहि पाहत नाहीं. ती इमारत म्हणजे देवळाची प्राथमिक शाळा. या लेखांत आम्हीं तिचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे.

हा विषय निवडण्यास कारण आहे. वसईच्या किल्ल्यांत जाऊन पाहावें. ज्या विद्यालयांची एके काळीं दूरवर कीर्ति होती, त्यांच्या भिंती तेथें उघड्या आकाशाखालीं उभ्या आहेत आणि त्यांवर वडपिंपळ उगवले आहेत. त्या विद्यालयांस राजाचें द्रव्य होतें, विद्वान् संन्यासी होते, दगडी कमानी होत्या; तरी तीं मोडलीं. ज्या गांवच्या शाळेस यांपैकीं कांहींच नव्हतें, तिची परंपरा मात्र राज्यें पालटलीं, इमारती बदलल्या, तरी आजवर चालत आली. मोठें पडलें आणि लहान टिकलें, हें कसें झालें? या प्रश्नाचें उत्तर केवळ जिज्ञासेसाठीं नको आहे. आज त्याच शाळेचे वर्ग ओस पडूं लागले आहेत. ती पूर्वीं कशाच्या बळावर टिकली हें ठाऊक असल्यावांचून, पुढें ती कशी टिकवावी हें आपणांस ठरवितां येणार नाहीं.

स्थळ

प्रथम स्थळाकडे वळूं. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारचा डोंगर, अशा चतुःसीमेंत आमचा मुलूख वसला आहे. समुद्राकडील पट्टी सपाट व रेताड. जागोजाग विहिरी आणि बावखलें. जुन्या काळीं विहिरीवर रहाट फिरे, आणि त्याच्या करकरीनेंच वाडीला पहांट झाल्याचें कळे. या पाण्यावर केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुलें होत. आगाशीच्या सुकेळ्यांचें नांव तर दूरदूरच्या बाजारांत गाजलेलें. पावसाळ्यांत भातशेती, कोळीवाड्यांत मासेमारी, खाडीकांठीं मिठागरें, असा येथील लोकांचा उदीम होता.

अशा वाड्यावाड्यांच्या वस्तींत पापडी, सांडोर, रमेदी, माणिकपूर, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या ठिकाणीं ख्रिस्तमंदिरें उभीं राहिलीं. आमचे वडीलधारे ख्रिस्तमंदिरास 'देऊळ' असेंच म्हणत आले. या एका शब्दावरूनहि आमची भाषा कोणत्या मातीची आहे हें ध्यानांत येतें. देवळापुढें क्रूस, बाजूस धर्मगुरूंचें घर, एखादी विहीर, चिंचेचें किंवा आंब्याचें झाड, आणि त्या झाडाच्या सावलींत शाळा, ही मांडणी कोणा एका गांवची नव्हे, साऱ्या पट्टीच्या ओळखीची आहे. वर कौलारू छप्पर, पुढें पडवी, आंत एक किंवा दोन खोल्या. एकच मास्तर दोन-तीन इयत्ता एका वेळीं सांभाळी. एका ओळीस पाढे म्हणावयास लावी, दुसरीस कित्ता घालून देई, आणि तिसरीकडे नुसती नजर ठेवी.

या जागेमुळें शाळेस एक विशेष वळण लागलें. तिची वेळ देवळाच्या घंटेवर चाले. सकाळचा मिस्सा आटोपला कीं मुलें देवळांतून निघून सरळ पडवींत येत. लावणीच्या दिवसांत वरचे वर्ग निम्मे रिकामे होत, कारण दहा-बारा वर्षांचीं मुलें त्या वेळीं आईबापांबरोबर चिखलांत उभीं असत. आणि ज्या मास्तरास गांवची माहिती असे तो त्याबद्दल त्यांस रागें भरत नसे. देऊळ, शेत आणि शाळा या तिहींत येथें शंभर पावलांचें अंतर होतें. ही जवळीक शाळेच्या इतिहासाची किल्ली आहे असें आम्हांस वाटतें.

उगम

२३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. पाठोपाठ फ्रान्सिस्कन संन्यासी आले. त्यांतील अंतोनियो द पोर्तो यांनीं साष्टी आणि वसई या भागांत देवळें स्थापिलीं, व मंडपेश्वर येथें नव्या ख्रिस्ती मुलांसाठीं विद्यालय काढलें. १५४८ सालीं संत फ्रान्सिस झेवियर वसईस येऊन गेले, आणि त्यानंतर लवकरच येशूसंघाचें विद्यालय वसई शहरांत सुरू झालें. डॉमिनिकन व ऑगस्टिनियन संघांचे मठहि त्याच तटबंदीच्या आंत उभे राहिले. किल्ल्यांतील मुख्य देवळाचा १६०१ सालीं, आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकीर्दींत, जीर्णोद्धार झाल्याचा शिलालेख आहे. यावरून त्या काळच्या वैभवाची कल्पना करावी.

या मोठ्या विद्यालयांच्या जोडीनें गांवोगांवच्या देवळांतूनहि मुलांना शिकविण्याची चाल पडली. नंदाखालचें पवित्र आत्म्याचें देऊळ १५७३ चें, माणिकपूरचें संत मायकलचें देऊळ १६०६ चें. या सुमारास पट्टींतील जुन्या धर्मग्रामांची घडी बसली. देवळाच्या शाळेंतील गुरुजींस पोर्तुगीज भाषेंत 'मेस्त्रे' म्हणत. आपला मराठींतील 'मिस्त्री' हा त्याच शब्दापासून झाला. मेस्त्रेचें काम तिहेरी असे : मुलांकडून धर्मोपदेशाचीं प्रश्नोत्तरें पाठ करून घेणें, अक्षरओळख करून देणें, आणि मिस्साच्या वेळीं गाण्यासाठीं त्यांचे सूर जुळवून घेणें. धर्मगुरु बदलत असत. मेस्त्रे गांवचा असे, आणि गांवांतच म्हातारा होई.

सत्य सांगावयाचें तर या काळास एक डागहि आहे. धर्म आणि राज्यसत्ता एकाच गलबतांतून आलीं. लोभ आणि धाक यांचा उपयोग झाल्याचे दाखले इतिहासांत आहेत; जुनीं देवालयें पाडलीं गेलीं, हेंहि खरें आहे. महोत्सवाच्या आनंदांत तें झांकून ठेवणें आम्हांस शोभणार नाहीं. परंतु बीज कोणाच्याहि हातून पडलें असो, ज्यांनीं त्याचें झाड वाढविलें ते याच मातीचे लोक होते.

त्या झाडाचें पहिलें मोठें फळ म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. येशूसंघीयांच्या देवळांत ते लहानाचे मोठे झाले, किशोरवयांत त्यांच्याबरोबर जपानांत गेले, आणि तेथील भाषा त्यांनीं अशी आत्मसात केली कीं, पुढें फ्रान्सिस्कन संघांत शिरल्यावर ते त्या संघाचे दुभाषी झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांना क्रूसावर मरण आलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. ते धर्मगुरु नव्हते, धर्मबंधु होते. परक्या लोकांस त्यांच्याच भाषेंत ख्रिस्त समजावून सांगणें हें त्यांचें कार्य होतें. या दृष्टीनें पाहिलें तर गांवच्या मेस्त्रेचें आणि त्यांचें काम एकाच जातीचें होय.

लोकांची भाषा हाच शिक्षणाचा कणा आहे, हें त्या काळच्या जाणत्या पाद्र्यांस उमगलें होतें. गोव्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांनीं मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ सालीं छापलें गेलें. पुढें त्याच शतकांत फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांनीं आमच्या उत्तर कोंकणच्या बोलींत प्रभूच्या दुःखभोगाचें पुराण लिहिलें. उलटपक्षीं राज्यकर्त्यांचें मन निराळें होतें. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयानें असा हुकूम काढला कीं, तीन वर्षांच्या आंत तेथील लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. ओवी एकीकडे आणि हुकूम दुसरीकडे, अशी ही ओढाताण. तीन वर्षें कधींच सरलीं. हुकूम कागदावर राहिला, आणि ओवी लोकांच्या मुखीं राहिली.

संकटें

वसईवर आपत्तिहि थोड्या आल्या नाहींत. १६१८ च्या वादळानें देवळें व मठ मोडले. १६७४ सालीं मस्कतचे अरब किनाऱ्यावर उतरले आणि तटाबाहेरील देवळें त्यांनीं लुटलीं. या दोन्ही वेळीं डागडुजी होऊन पुनः कारभार चालू झाला. १७३९ सालीं मात्र राज्यच पालटलें. चिमाजी अप्पांच्या फौजेनें निकराचा वेढा देऊन मे महिन्यांत किल्ला घेतला. विजयाची खूण म्हणून देवळांतील घंटा देशावर नेण्यांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा व भीमाशंकरची घंटा त्यांपैकींच होत, असें परंपरा सांगते. तहाच्या कलमांप्रमाणें मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. परंतु युरोपीय संन्यासी निघून गेले, मठ रिकामे पडले, आणि किल्ल्यांतील विद्यालयांस कायमचें कुलूप लागलें.

येथें आपण क्षणभर थांबूं. राजाश्रय गेला, वेतनें गेलीं, संघ गेले, घंटा गेल्या. गांवच्या श्रद्धावंतांपाशीं राहिलें काय? थोडे देशी धर्मगुरु, आणि पाठ केलेल्या प्रार्थना. ज्या शिक्षणास दगडी कमान, परदेशी पंडित आणि शाही देणगी लागत होती, तें शिक्षण त्याच वर्षीं संपलें. ज्याला पडवी, गांवचा एक जाणता मनुष्य आणि घरांत बोलली जाणारी भाषा एवढेंच लागत होतें, तें चालूं शकलें. पुढच्या शंभर-सव्वाशें वर्षांत वसईचा ख्रिस्ती समाज विखरला नाहीं, हें सर्वांस दिसतेंच आहे. त्याचें श्रेय जसें एकाकी धर्मगुरूंस, जसें सायंकाळीं घरोघर प्रार्थना म्हणणाऱ्या आयाआज्यांस, तसेंच त्या नांवगांव न उरलेल्या शिक्षकांसहि दिलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

राज्यक्रांतीचा आणखी एक परिणाम झाला, तो त्या काळीं कोणाच्या ध्यानांत आला नसेल. खाडीच्या पलीकडील साष्टी इंग्रजांनीं १७७४ सालीं घेतली. वसई १७८० सालीं त्यांनीं जिंकली खरी, परंतु १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती पेशव्यांकडे परत गेली, आणि पेशवाई बुडेपर्यंत, म्हणजे १८१८ पर्यंत, बहुतांशीं मराठी राज्यांतच राहिली. पलीकडच्या आमच्या बांधवांनीं मुंबईच्या वाऱ्याबरोबर हळूहळू इंग्रजी शाळेची वाट धरली. १८८७ सालीं त्यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांवहि घेतलें. घरांत त्यांची मराठी बोली राहिली, पण पाटीवर इंग्रजी आलें. अलीकडे आमच्या पाटीवर मराठीच राहिलें. एकाच खाडीचे दोन कांठ. परंतु मुलांस कोणत्या अक्षरांत शिकविलें यावरून दोन समाजांचीं वळणें निराळीं झालीं. शाळेचें बळ किती असतें, हें याहून स्पष्ट कशानें दिसावें?

दिपोटी आणि मास्तर

१८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें खासगी शाळांसहि सरकारी अनुदान मिळण्याची वाट मोकळी झाली, आणि १८५५ सालीं मुंबई इलाख्यांत शिक्षणखातें स्थापन झालें. तेव्हांपासून गांवच्या शाळेंत एक नवा पाहुणा येऊं लागला. लोक त्यास 'दिपोटी' म्हणत. अनुदान परीक्षेच्या निकालावरून ठरविण्याची पद्धत या इलाख्यांत पडली होती. त्यामुळें दिपोटीसाहेब येणार असें कळलें कीं पडवी सारवली जाई, मुलांचीं डोकीं तेल लावून विंचरलीं जात, आणि मास्तरांच्या तोंडचें पाणी पळे. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी खडाखड म्हणणाऱ्या पोरावर साऱ्या शाळेची भिस्त असे. आणि तोच पोर नेमका त्या दिवशीं तापानें पडला, तर शाळेचें वर्ष बुडे.

दिपोटी पाहत तें लेखन, वाचन आणि गणित. धर्मोपदेशाशीं सरकारास कर्तव्य नव्हतें. तो देवळाचा प्रांत. अशा रीतीनें एका छपराखालीं दोन धन्यांची चाकरी सुरू झाली. परंतु त्यांतून एक हित झालें. शाळेंत आतां शिस्तशीर छापील मराठी आली. कोणाच्या घरीं सामवेदी बोली, कोणाच्या घरीं वाडवळी, कोळीवाड्यांत तिसरीच. पाटीवर मात्र सर्वांची मराठी एक झाली. ज्या पोरांचे आजे एकमेकांची बोली ऐकून हंसत असत, तीं पोरें एकाच बांकावर बसून एकच धडा वाचूं लागलीं.

त्या मास्तरांचें चित्र जुन्या पिढीनें आम्हांस पुष्कळदां रंगवून सांगितलें आहे. पहांटे देवळांत गायन, मग दिवसभर शाळा, आणि सायंकाळीं पडवींत गांवकऱ्यांचीं पत्रें. मुंबईस नोकरीवर असलेल्या मुलाचें पत्र आईला वाचून दाखवावयाचें तर मास्तर, सावकाराचा कागद समजून घ्यावयाचा तर मास्तर, जमिनीच्या तंट्यांत अर्ज लिहावयाचा तर मास्तरच. पगार तुटपुंजा, त्यांत भाताची, केळ्यांची भर पडे तेव्हां घर चाले. अशा मनुष्यास गांवांत मान होता. धर्मगुरूंच्या खालोखाल पहिली खुर्ची त्याची असे.

या काळांत धर्मप्रांतांच्या सीमाहि फिरल्या. १८८६ च्या करारान्वयें दमण धर्मप्रांत निर्माण झाला व वसई त्यांत मोडूं लागली. १९२८ सालीं तो मोडून वसईचा समावेश मुंबईच्या आर्चडायोसिसमध्यें झाला. १९१० सालीं पोप दहावे पायस यांनीं लहान मुलांस सात वर्षांच्या सुमारासच प्रथम कम्युनियन द्यावें असें ठरविलें. त्यायोगें प्राथमिक शाळेचें महत्त्व दुप्पट झालें. कारण ज्या वयांत मूल 'ग म भ न' गिरवीत असे, त्याच वयांत त्यास ख्रिस्तशरीराचें गूढ समजावून द्यावयाचें होतें. हें काम पहिलीच्या मास्तरांच्या पदरांत पडलें.

फळें आणि उणिवा

शाळेचीं फळें कशावरून ओळखावीं? एक उदाहरण पुरे आहे. १९१८ सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें वसईंत कॅथोलिक पतपेढी निघाली. तीच आजची बॅसीन कॅथोलिक बँक. सावकारी पाशांतून शेतकऱ्यांस सोडविणें हा अशा पतपेढ्यांचा हेतु. परंतु पतपेढी चालवावयाची म्हणजे सभासदांस स्वतःची सही करतां आली पाहिजे, खातेवही वाचतां आली पाहिजे, व्याजाचा हिशेब समजला पाहिजे. दिडकी आणि अडीचकी पाठ केलेल्या पोरांनींच पुढें त्या वह्या भरल्या असतील, नाहीं तर दुसरें कोण होतें?

दुसरें फळ अधिक मोलाचें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेंत लोकभाषेस स्थान दिलें. लॅटिन भाषा वेदीवरून मागें सरली, आणि मराठी मिस्सा सुरू झाला. त्या वेळीं वसईच्या श्रद्धावंतांस आपल्या उपासनेची भाषा नव्यानें शिकावी लागली नाहीं. शेतकरी उठला, वाचनपीठापाशीं गेला आणि प्रेषितांचें पत्र वाचूं लागला. तें वाचन त्यास देवळाशेजारच्या शाळेनें आधींच शिकवून ठेवलें होतें. १९५५ सालीं सुरू झालेलें 'सुवार्ता' मासिक घरोघर गेलें, तेंहि याच कारणानें. आणि नंदाखालच्या मातींत जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुबोध बायबल' मराठींत आणलें, साहित्य अकादमीचा अनुवाद-पुरस्कार मिळविला, व २०२० सालीं उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. ते २०२४ सालीं ख्रिस्तवासी झाले. एका धर्मगुरूस साऱ्या महाराष्ट्रानें आपल्या भाषेच्या गादीवर बसविलें, हा मान एका व्यक्तीचा खरा. परंतु पडवींतल्या पाटीवरच्या मराठीचाहि त्यांत वांटा आहे.

परंतु केवळ स्तुति करून आम्ही थांबणार नाहीं. या शाळांत मुली उशिरा आल्या, आणि आल्या तरी धाकट्या भावंडांस सांभाळण्यासाठीं लवकर घरीं बसविल्या गेल्या. डोंगराकडील वारली मुलांसाठीं पडवीचें दार बराच काळ नांवालाच उघडें होतें. छडीचा वापर नको तितका झाला. पाठांतरास जितकें महत्त्व दिलें तितकें समजावून सांगण्यास दिलें नाहीं. या उणिवा पुष्कळ प्रयत्नांनीं भरून निघाल्या, पण त्यांची आठवण ठेवणें अवश्य आहे. नाहीं तर आपण आपल्या शाळेवर प्रेम न करतां केवळ तिच्या तसबिरीवर प्रेम करूं.

आजचा प्रश्न

स्वातंत्र्याबरोबर १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. १९५० च्या राज्यघटनेनें अल्पसंख्यांकांस आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला. १९६० सालीं मराठी भाषेचें राज्य झालें. १९९८ सालीं वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, व पापडीचें कृपामातेचें मंदिर त्याचें महामंदिर ठरलें. हक्क मिळाला, राज्य मिळालें, धर्मप्रांत मिळाला. आणि नेमक्या याच सुखाच्या काळांत मराठी प्राथमिक शाळेचा पट ओसरूं लागला. केळीच्या वाड्यांत इमारती उभ्या राहिल्या, बावखलें बुजलीं, २००९ सालीं महानगरपालिका आली. आणि आमच्याच घरांतील मुलें गणवेश घालून, देवळाच्या अंगणावरून, इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या गाडींतून जाऊं लागलीं.

आईबापांस आम्ही दोष देत नाहीं. मुलानें उद्यां पोटास लागावें, ही त्यांची चिंता खरी आहे, आणि तीस इंग्रजीवांचून उत्तर नाहीं असें त्यांस वाटतें. इंग्रजी शिकूं नये, असें आमचेंहि म्हणणें मुळींच नाहीं. संत गोन्सालोंनीं जपानी आत्मसात केली, ती उपजीविकेसहि उपयोगीं पडली आणि ईश्वरकार्यासहि. प्रश्न निराळा आहे. जें मूल घरची भाषा बोलतें पण वाचूं शकत नाहीं, तें आपल्या आजोबांनीं लिहिलेली वही वाचूं शकणार नाहीं. मराठी मिस्सांत वाचनपीठापाशीं उभें राहणार नाहीं. 'सुवार्ता' हातांत घेणार नाहीं. १६८४ सालीं व्हाइसरॉयास हुकूम काढूनहि जें साधलें नाहीं, तें आपण हुकुमावांचून, खुशीनें आणि फी भरून साधीत आहों काय, एवढाच आमचा सवाल आहे.

इतिहासानें दिलेलें उत्तर आम्हीं वर मांडलें आहे. जी शाळा घरच्या भाषेंत चालली, जिचा शिक्षक गांवचा होता, आणि जिचा भार गांवानें वाहिला, ती टिकली. जी दुसऱ्याच्या तिजोरीवर चालली ती तिजोरीबरोबर गेली. तेव्हां महोत्सवाच्या निमित्तानें तीन गोष्टी आपल्या विचारार्थ ठेवितों. पहिली : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत मातृभाषेंतून शिकवावें असें म्हटलें आहे, ज्यांस तें करतां येईल त्यांनीं निर्भयपणें करावें. ज्यांचीं मुलें इंग्रजी शाळेंत जातात त्यांनीं निदान धर्मोपदेश व प्रार्थना मराठींतून वाचण्याइतकी तयारी मुलांकडून करून घ्यावी, आणि त्यासाठीं धर्मग्रामानें रविवारच्या वर्गांत सोय करावी. दुसरी : रिकाम्या बांकांवर बसण्यास आज नव्यानें आलेले मजूर, आदिवासी व परप्रांतीय यांचीं मुलें तयार आहेत. त्यांच्यासाठीं दार पूर्ण उघडावें. पूर्वींची एक उणीव त्यायोगें भरून निघेल. तिसरी : शाळेचे जुने हजेरीपट, दाखल्यांच्या वह्या आणि छायाचित्रें जेथें जेथें उरलीं असतील, तेथें वाळवीपासून वांचवून नीट जपून ठेवावीं. त्या पिवळ्या पानांवर आपल्या आजोबा-आजींचें नांव पहिल्यानेंच शाईनें लिहिलें गेलें होतें.

देवळास रंग लागेल, मनोऱ्यावर दिवे झळकतील, पंगती उठतील. हें सर्व होवो. परंतु समारंभाच्या सायंकाळीं देवळांतून निघतांना प्रत्येकानें क्षणभर त्या पडवीच्या पायरीवर थांबावें. जेथें आपण पहिलें अक्षर गिरविलें, आणि पहिल्यानें क्रूसाची खूण समजून केली, ती ही जागा. मोठे तट पडले तेव्हां या पायरीनें आपणांस तारलें. आतां तिला तारण्याची पाळी आपली आहे. लहान बालकांस माझ्याकडे येऊं द्या असें म्हणणारा प्रभु त्या कामीं आपणां सर्वांस सद्बुद्धि आणि बळ देवो, हीच आमची या मंगल प्रसंगीं प्रार्थना.